दोन सुळे वाचले त्याची गोष्ट

पोस्ट लांब आहे. पण घरात साठीच्या पुढचं कुणी असेल आणि त्यांचे दात हलत असतील, तर वेळ काढून शेवटपर्यंत वाचा.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या लक्षात आलं की आई कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खातेय. वय 74. आधी वाटलं, आवडत असेल. मग शेंगदाण्याची चटणी बंद झाली, भरितातली मिरची बाजूला निघायला लागली, आणि एक दिवस ती म्हणाली की चार-सहा महिने झाले, ती घास न चावताच गिळतेय. तोंडात वर सात दात, खाली पाच. त्यातले बरेच हलणारे. शिवाय बारा वर्षांपासून शुगर.

आपल्या देवपुरात वाडीभोकर रोडनं चालत गेलं तर दातांच्या दवाखान्याच्या पाट्या मोजता मोजता दत्त मंदिर चौक येतो. पण नातेवाईकांनी सुचवलं म्हणून आधी आईला बाहेरच्या एका मोठ्या शहरात नेलं. गावाचं आणि दवाखान्याचं नाव सांगत नाही, मुद्दा तो नाही. एक मोठा एक्स-रे काढला, दहा मिनिटांत निकाल लागला. सगळे दात काढायचे, वर-खाली स्क्रू बसवायचे, तीन दिवसांत फिक्स दात. आकडा लाखांत. हप्त्यांची सोय आहे म्हणाले. शुगर आहे का, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही बावळटासारखे बोललो नाही.

परत आल्यावर मनाच्या समाधानासाठी इथल्याच एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी अर्धा तास घेतला. एकेक दात हलवून पाहिला, हिरडीत बारीक सळई घालून खोली मोजली, शुगरचा रिपोर्ट मागितला. मग म्हणाले, "वरचे वाचणार नाहीत. खालचेही तीन जातील. पण हे दोन सुळे पक्के आहेत. हे काढू नका."

तोंड एकच आणि उत्तरं दोन. एक म्हणतो सगळे काढा, दुसरा म्हणतो दोन ठेवा. मी डॉक्टर नाही, शाळेत इतिहास शिकवतो. आमची खोड अशी की दोन साक्षीदार वेगवेगळं बोलले की जुनी दप्तरं उघडायची. त्याप्रमाणे वाचत गेलो. जे हाती लागलं ते इथं मांडतोय, कारण "सगळे काढून टाका" हा सल्ला नवा नाही. तो शंभर वर्षांपूर्वीही मोठ्या विश्वासानं दिला गेला होता, आणि त्याची किंमत दोन-तीन पिढ्यांनी मोजली.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. आपण म्हणतो, दाताला कीड लागली. ही कीड कुठून आली? जुन्या काळी जवळपास सगळ्या जगाची समजूत होती की दातात खरोखरची अळी असते. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर तिचा उल्लेख आहे. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी येणारे वैदू रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धुरी द्यायचे आणि मग पाण्यात पांढऱ्या बारीक अळ्या दाखवायचे. त्या अळ्या नसायच्याच, उष्णतेनं फुटलेल्या बियांतले कोंब असायचे. युरोपातही दुसऱ्या एका झाडाच्या बिया वापरून हाच खेळ चाले. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी 1728 च्या ग्रंथात या अळीवर अविश्वास दाखवला. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी 1890 मध्ये सांगितलं की तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. अळी गेली, पण शब्द राहिला.

दात जाण्याचं दुखणं मात्र फार जुनं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती. तिथल्या सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी केला. दात हा माणसाच्या शरीरातला सगळ्यात टणक भाग, म्हणून मातीत तोच जास्त टिकतो आणि त्या माणसाचं खाणं, आजारपण, लहानपणीची उपासमार हे सगळं सांगतो. म्हणजे जो दात मातीत हजारो वर्षं टिकतो, तो जिवंत माणसाच्या तोंडात साठ वर्षं टिकत नाही. याचा अर्थ दात कच्चा नाही. त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड आपण सांभाळत नाही.

आता "सगळे काढा" या सल्ल्याकडे येतो.

1910 साली विल्यम हंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी कॅनडातल्या माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एक भाषण केलं. सडक्या दातांवर सोन्याच्या टोप्या आणि ब्रिज बसवून दंतवैद्य खाली पू साठवून ठेवतात, आणि तिथून विष अंगभर पसरतं, असा त्यांचा आरोप. आरोपात तथ्य होतं, काम खरंच घाणेरडं चालायचं. पण त्यातून पुढं जो विचार पसरला तो असा की संधिवात, पोटदुखी, अशक्तपणा, इतकंच काय, वेड, सगळ्याचं मूळ दातात. पुढची वीस-तीस वर्षं इंग्लंड-अमेरिकेत चांगले-वाईट सगळे दात सरसकट उपटले गेले. काही भागांत तर लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून द्यायचे, पुढं नवऱ्याला खर्च नको म्हणून.

याचा हिशोब नंतर बाहेर आला. 5 जुलै 1948 ला ब्रिटनमध्ये मोफत सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा कवळ्यांसाठी एवढी झुंबड उडाली की सरकारचं अंदाजपत्रक कोलमडलं. 1951 मध्ये कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावलं, आणि ज्यांनी ही योजना उभी केली त्या अन्यूरिन बेव्हन यांनी त्यावरून मंत्रिपद सोडलं. एका कवळीवरून मंत्री गेला, ही गंमत नाही. 1968 च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या प्रौढांपैकी 37 टक्के लोकांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. 2009 च्या पाहणीत हे प्रमाण 6 टक्क्यांवर आलं. मधल्या काळात दात बदलले नाहीत. डॉक्टरांचं आणि लोकांचं मत बदललं. काढायचं सोडून वाचवायला लागले.

आपल्याकडे वेगळ्या कारणानं तेच झालं. डॉक्टरच नव्हते. हिंदुस्थानातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यात काढलं, आणि त्यासाठी पैसा उभा करायला सोडा-फाउंटन आणि आइस्क्रीमचं दुकान चालवलं! मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय 1933 चं. दंतवैद्यांचा कायदा 1948 चा. त्या कायद्यात नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात शिकलेले, 'ब' भागात पदवी नसलेले पण आधीपासून किमान पाच वर्षं याच धंद्यावर पोट असलेले. कारण त्यांना वगळलं तर देशाला दात काढायलाही कुणी उरत नव्हतं. आपल्या भागाला जवळचं सरकारी दंत महाविद्यालय म्हणजे मुंबई, नाहीतर 1968 पासून नागपूर. औरंगाबादचं झालं तेच 1982 ला. मग साक्री-शिरपूरच्या खेड्यातला माणूस काय करणार? मीठ-हळद, लवंग, मिसरी. आणि अगदीच असह्य झालं की काढून टाकणं. दात दुखला की काढायचा, हे आपल्या आजोबांचं अज्ञान नव्हतं. त्यांच्यापुढं दुसरा दरवाजाच नव्हता.

सगळे गेले की कवळी. तिचाही इतिहास आहे. 1850 नंतर कडक रबराची कवळी आली आणि हस्तिदंत-सोन्याची मिजास संपली, सामान्य माणसाला कवळी परवडायला लागली. पण त्या रबराचं पेटंट एका अमेरिकन कंपनीकडं. कंपनी दंतवैद्यांवर खटल्यावर खटले करायची. शेवटी 1879 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्यानं कंपनीच्या खजिनदाराला गोळी घातली. दातांच्या बाजारात पैशाचा वास आजचा नाही, एवढंच सांगायचंय. 1936-37 नंतर ॲक्रिलिक आलं, गुलाबी हिरडीसारखं दिसणारं. आज आपण पाहतो ती कवळी तीच.

माझे आजोबा कवळी लावायचे. म्हणजे लग्नकार्याला लावायचे. जेवताना काढून रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. आम्हा पोरांना हसू यायचं. आता कळतं की त्यांची खालची कवळी बसतच नव्हती, आणि त्यात करणाऱ्याचा दोष कमी होता.

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सावकाश सांगतो. जबड्यातलं दात धरून ठेवणारं हाड दातासाठीच असतं. दात काढला की त्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. पहिल्या वर्षी झपाट्यानं, मग हळूहळू, पण आयुष्यभर. अँट्ये टॉलग्रेन या संशोधिकेनं कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षांपर्यंत मागोवा घेऊन 1972 मध्ये लिहिलं की खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजतं. वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार मिळतो, ती चिकटून बसते. खालच्या कवळीला फक्त घोड्याच्या नालेएवढी अरुंद पट्टी, त्यात मधे जीभ. हाड झिजत गेलं की ती तरंगायला लागते. कितीही वेळा नवी करा, पाया खचला की घर डोलणारच.

म्हणजे प्रश्न नुसता दातांचा नाही, हाडाचा आहे. पुढचा सगळा इतिहास याच प्रश्नाचा.

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनमार्क 1952 मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर महागडी नळी परत काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला घट्ट धरून बसलेलं. दातांशी या प्रयोगाचा काही संबंध नव्हता. पण त्यातून 1965 साली गोस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार टायटॅनियमचे खुंट बसवले गेले. लार्सन यांचा जबडा जन्मतः सदोष, वय चौतिशीचं. ते 2006 साली वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, ते खुंट काम करत होते. तरी इतर डॉक्टरांचा विश्वास बसायला 1982 ची टोरांटोची परिषद उजाडावी लागली. पुढं पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी 1998 पासून चार खुंटांवर पूर्ण जबडा उभारायची पद्धत रुळवली. "तीन दिवसांत फिक्स दात" या जाहिरातींमागं हेच सगळं काम आहे.

तेव्हा इम्प्लांट म्हणजे थोतांड, असं मी म्हणत नाहीये. ज्यांचे दात कधीच गेलेत, खालची कवळी टिकत नाही, त्यांच्यासाठी यासारखा शोध नाही. पण ब्रोनमार्क स्वतः खुंट बसवून हिरडी शिवून टाकायचे आणि काही महिने हाड धरेपर्यंत वर दात लावायचे नाहीत. आज लगेच दात लावता येतात, पण हाड पुरेसं आणि घट्ट असेल, खुंट पक्का बसला असेल तरच. आणि ते पहिले दात बहुधा तात्पुरते असतात, कायमचे काही महिन्यांनी. शुगर आटोक्यात नसेल, तंबाखू सुटलेली नसेल तर धोका वाढतो. ज्या घाणीनं हिरडी खराब होऊन मूळचे दात गेले, तीच घाण खुंटाभोवती साचली तर तिथलंही हाड जातं. टायटॅनियमला कीड लागत नाही, पण भोवतालचं हाड आपलंच असतं.

आणि आता ती गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. 1910 चं ते भाषण जिथं झालं, त्याच मॅकगिल विद्यापीठात 2002 साली तज्ज्ञांची बैठक झाली. त्यांनी मत दिलं की ज्यांच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही, त्यांच्यासाठी पहिला पर्याय नुसती कवळी नसावा. दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी, काढता-घालता येणारी कवळी असावी. सहा नाही, आठ नाही, दोन. खर्च फिक्स दातांच्या मानानं बराच कमी. हा पर्याय आपल्याकडच्या किती कुटुंबांपुढं ठेवला जातो?

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. 1978 मध्ये क्रम आणि रूनी या दोघांनी पाच वर्षांच्या तुलनेचे आकडे छापले. काही रुग्णांचे खालचे सगळे दात काढून साधी कवळी दिली. काहींचे दोन सुळे ठेवले, त्यांचं रूट कॅनल करून हिरडीच्या जरा वर गोल कापले आणि त्यावरून कवळी बसवली. पाच वर्षांत पहिल्या गटाचं खालच्या जबड्याचं पुढचं हाड सरासरी 5.2 मिलिमीटर झिजलं. सुळे ठेवलेल्यांचं 0.6 मिलिमीटर.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. देवपूरचे डॉक्टर ज्या दोन सुळ्यांसाठी अडून बसले होते, ते हेच. आणि आम्ही ते काढायची तारीख ठरवून आलो होतो.

मग निर्णय घेतला. काय काय करावं लागतं ते क्रमानं सांगतो, कारण जाहिरातीत फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो असतो, मधलं काही नसतं.

पहिले दोन महिने दाताला हातच लावला नाही. शुगर खाली आणली. हिरड्यांची खोल सफाई झाली. मग तीन बैठकींत वरचे सात आणि खालचे तीन दात काढले. दोन सुळ्यांचं रूट कॅनल, मग ते कापून गोल केले. जखमा भरायला अडीच महिने. त्या काळात आईनं खिचडी, डाळ, दूध-भाकर यावर काढलं आणि ती घराबाहेर पडली नाही. दात नसलेलं तोंड कुणाला दिसू नये म्हणून बोलताना पदर तोंडावर. हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं.

त्यानंतर कवळीची मापं. एकदा साधं माप, मग तिच्या जबड्याच्या साच्यावर बनवलेल्या खास ट्रेनं दुसरं माप. मग जबड्याची उंची ठरवणं, म्हणजे तोंड मिटल्यावर वरचा आणि खालचा जबडा किती अंतरावर थांबावा. ही उंची चुकली तर सगळं चुकतं. जास्त झाली तर जबडा दुखतो आणि दात एकमेकांवर आपटून खटखट वाजतात, कमी झाली तर गाल आत जातात. मग मेणात दात लावून पाहणं. इथं डॉक्टरांनी तिला एक ते वीस मोजायला लावलं, कारण 'स' कसा निघतो त्यावरून दातांची जागा बरोबर आहे का ते कळतं. मग तयार कवळी. आणि मग टोचणं, घासणं, पुन्हा जाणं, असं चार वेळा. एकूण सात महिने. खर्च पहिल्या आकड्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी.

ज्यांचे दात जागेवर आहेत पण झिजून अर्धे झालेत, त्यांची वाट वेगळी. रात्री दात खाणं, पोटातलं आम्ल वर येणं, दाढा गेल्यामुळं सगळा भार पुढच्या दातांवर पडणं, अशी कारणं असतात. त्यांना सगळ्या दातांवर कॅप बसवून जबड्याची उंची परत आणावी लागते. 1984 मध्ये टर्नर आणि मिसर्लियन यांनी अशा झिजलेल्या तोंडांचे तीन प्रकार पाडले, ते आजही शिकवतात. उंची खरंच कमी झालीय का, आणि कॅपला जागा आहे का, हे आधी ठरवायचं. सगळ्यांची उंची वाढवायची नसते. वाढवायची असेल तर आधी काही आठवडे तात्पुरत्या दातांवर चावून बघायचं, सांधा दुखत नाही ना, बोलणं जमतंय ना, मगच कायमचे. कारण कॅपसाठी दात एकदा तासला की तो परत वाढत नाही. कायमचे बसल्यावरही रात्री दात खाणाऱ्यांना झोपताना लावायची पट्टी लागते. घाई करणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नका.

आपल्या भागापुरतं आणखी एक. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. ती देवपुरात किती पाळली जाते हे पानटपरीवर उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सुपारी-गुटख्यानं तोंडाच्या आतलं कातडं चामड्यासारखं ताठर होतं आणि तोंड उघडेनासं होतं. हा आजार आपल्या देशात प्रथम नोंदवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी होते, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला. ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत, त्याच्या दाढेपर्यंत डॉक्टरांचं हत्यार तरी कसं जाणार? त्याला ना धड रूट कॅनल करता येतं, ना माप घेता येतं. हा आजार पुढं कॅन्सरकडं वळू शकतो. ज्या घरात पंचविशीच्या पोराचं तोंड दोन बोटांएवढं उघडतंय, त्यांनी ही पोस्ट बाजूला ठेवून आधी त्याला दाखवा.

आता सार्वजनिक प्रश्न. आम्ही सात महिने आणि तेवढा खर्च झेलला कारण घरात पगार आहे. ज्यांच्या घरात नाही त्यांचं काय? कर्नाटकानं 2014 मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना दंत महाविद्यालयांमार्फत मोफत कवळी द्यायला 'दंत भाग्य' योजना आणली. केरळात 'मंदहासम' आहे, साठीच्या पुढच्या गरिबांसाठी. केंद्राच्या 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्राच्या रांगेत कवळीचंही नाव आहे. आपल्या राज्यानं 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, 65 वर्षांवरच्यांना एकदाच 3000 रुपये. तिच्या माहितीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा आणि कमरेचा पट्टा ही नावं वाचली. कवळीचं नाव मला दिसलं नाही. चष्म्याशिवाय वाचता येत नाही हे सरकारला कळतं, मग दाताशिवाय भाकरी खाता येत नाही हे का कळू नये?

आपल्याकडे साक्री रोडला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो पण खर्च कमी. लोकप्रतिनिधींनी आणि जिल्हा परिषदेनं मनावर घेतलं तर महाविद्यालय, सिव्हिल आणि वयोश्रीची शिबिरं यांची सांगड घालून धुळे जिल्ह्यात कवळीची सोय उभी राहू शकते. निवडणुकीत मतं मागायला येतील तेव्हा हे विचारा. रस्ते-गटारीबरोबर हेही विचारा.

आणि डॉक्टरांकडं गेलात तर पाच प्रश्न विचारा. एक, यातला कुठला दात वाचू शकतो, आणि काढायचा तर नेमका का? दोन, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, हाडांच्या ठिसूळपणाचं औषध, तंबाखू, हे विचारात घेतलंय का? तीन, याहून कमी खर्चाचा पर्याय कुठला, आणि तो मला का चालणार नाही? चार, पहिले दात तात्पुरते की कायमचे, आणि कायमचे कधी? पाच, पाच वर्षांनी काही बिघडलं तर दुरुस्ती कुठं आणि कितीला? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आमचे तर खूश झाले.

हे वाचून कुणी स्वतःच निर्णय घेऊ नका. आईला जे लागू पडलं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही. कुणाचे सुळेही हलत असतील, कुणाला खरंच सगळे काढावे लागतील. आईचे सुळेही कायमचे नाहीत. त्यावर रोज ब्रश फिरवला नाही तर ते किडतील. पण गेले तरी तिथलं हाड तोवर राखलेलं असेल, आणि मग दोन इम्प्लांटचा दरवाजा उघडा राहील. काढलेला दात मात्र परत लावता येत नाही.

उपचार ठरवताना मी आईला विचारलं होतं, तुला कसे दात हवेत, फिक्स की कवळी? ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "माले दात दखाडाना नहीत, माले भाकर खावानी शे." मला दात दाखवायचे नाहीत, भाकरी खायचीय. एवढा साधा निकष, पण पहिल्या दवाखान्यात तो कुणी विचारला नव्हता.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण नशिबाची म्हणून वापरतो. गेल्या आठवड्यात आईनं कळण्याची भाकरी तोडून, चावून खाल्ली, भरितासोबत. फुटाणे अजून जमत नाहीत. डॉक्टर म्हणाले, घाई नको.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज एकदा विचारा, नीट चावता येतंय का. ते आपणहून सांगत नाहीत.